राखून ठेवलेला राग

मतदानाला दोन दिवस उरले की नागपुरात दोन ठिकाणी हमखास गर्दी दिसते, एक शेवटच्या प्रचारफेरीत आणि दुसरी दारूच्या दुकानापुढे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ अन्वये मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास त्या मतदारसंघात दारूविक्री बंद असते, आणि त्याच ४८ तासांत जाहीर सभा, मिरवणुका व दूरचित्रवाणीवरचा प्रचारही थांबवावा लागतो. मतदाराने शुद्धीवर राहून, कानाशी भोंगा नसताना, दोन रात्री शांतपणे विचार करावा, एवढीच कायदा करणाऱ्यांची अपेक्षा असावी. प्रत्यक्षात बंदी सुरू होण्याच्या संध्याकाळीच दोन दिवसांची सोय पिशवीत घालून घरी नेली जाते, आणि भोंगे थांबले की तोच प्रचार खिशातल्या फोनमधून दुप्पट जोराने सुरू होतो. सरकारला दुकानाचे शटर पाडता येते. घरातल्या कपाटाचे आणि माणसाच्या अंगठ्याचे काय करायचे हे त्याला कळत नाही, आणि खरे तर कळूही नये.

निवडणुकीतल्या संयमाची चर्चा आपल्याकडे बहुधा उमेदवारांपुरती होते. आचारसंहिता, खर्चाची मर्यादा, भाषणातली भाषा हे सगळे विषय ‘त्यांचे’ आहेत असे आपण धरून चालतो. आचारसंहितेची सुरुवात १९६० च्या केरळ विधानसभा निवडणुकीत झाली. ती पक्षांनी मान्य केलेली शिस्त आहे, तिला स्वतंत्र कायद्याचे पाठबळ नाही, आणि तरीही नव्वदच्या दशकात मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी तिचा धाक बसवून दाखवला, हा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असतो. खर्चाचे गणितही सर्वांना ठाऊक आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, पक्षाला मात्र कसलीच नाही, त्यामुळे त्या मर्यादेविषयी फार बोलण्यात अर्थ नाही. मतदारासाठी मात्र अशी कोणतीही संहिता नाही. ती असावी असेही मी म्हणत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की मतदाराने आपला राग, आपली आठवण आणि आपली जीभ यांचा सगळा साठा प्रचाराच्या पंधरवड्यात उधळून टाकला, तर पुढची पाच वर्षे त्याच्याकडे राजकारण करायला काही शिल्लक राहत नाही. माझ्या लेखी मतदाराचा संयम म्हणजे हा साठा राखून ठेवणे.

नागपूरकराला हे समजावून सांगायला मारबतीइतके जवळचे उदाहरण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, शहराच्या जुन्या भागातून निघते. तिच्याबरोबर बडगे, म्हणजे टीकेसाठी केलेले पुतळे, निघतात, त्यांच्यावर भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंत आणि गल्लीतल्या पुढाऱ्यापासून दूरदेशीच्या राष्ट्राध्यक्षापर्यंत कोणालाही चिकटवलेले असते. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत लोक मनसोक्त शिव्या देतात, पुतळे जाळतात आणि हलके होऊन घरी जातात. सण म्हणून ही सोय फार शहाणपणाची आहे, वर्षातून एक दिवस मनातली मळमळ बाहेर काढायला समाजाला जागा लागतेच. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा आपण निवडणूकही मारबतीसारखी साजरी करतो. कोणाला तरी जाळायचे, ओरडून घ्यायचे, बोटाला शाई लावून छायाचित्र टाकायचे आणि हलके व्हायचे. लोकप्रतिनिधीलाही नेमके हेच हवे असते. मतदार हलका झाला की त्याच्यावरचा भार उतरतो.

हा राग खर्च कसा होतो ते जवळून पाहायचे असेल तर कोणत्याही लेआउटचा, म्हणजे वसाहतीचा, व्हॉट्सअ‍ॅप समूह पुरेसा आहे. एरवी तिथे ‘आज नळ येणार नाही’, ‘चांगला इलेक्ट्रिशियन कोणाला माहीत आहे का’, ‘आमची काळी मांजर कोणी पाहिली का’ अशा सूचना येतात आणि कोणी ना कोणी त्यांना उत्तरही देते. निवडणूक जाहीर झाली की दिवसाला तीस-चाळीस संदेश पुढे ढकलले जाऊ लागतात, त्यांतला एकही पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नसतो. नळाची सूचना त्या गर्दीत गडप होते. मग एखाद्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, कोणीतरी कोणाच्या तरी नेत्याविषयी काहीतरी टाकतो आणि तासाभरात दोन शेजारी एकमेकांना असे काही लिहून बसतात की जे फाटकाशी उभे राहून बोलण्याची दोघांचीही छाती झाली नसती. सकाळी दूध घेताना समोरासमोर आले की ‘या काकाजी, चहा घेऊन जा’ म्हणणारी हीच माणसे. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत असेल तर संयम आपोआप पाळला जातो, तो दिसेनासा झाला की आपला मुळात किती संयम होता हे उघडे पडते. निवडणूक संपते, सरकार बनते, ज्यांच्यासाठी भांडण झाले ते दोन नेते एका मंचावर हार घालून घेताना दिसतात, महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत हे पुरेसे पाहिले आहे, आणि इथे मात्र दोन घरांतले हळदीकुंकवाचे येणेजाणे बंद पडलेले असते.

पुढाऱ्यांची भाषा घसरली अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा सभेत मागच्या रांगेत उभे राहून टाळ्यांकडे लक्ष द्यावे. वक्ता मलनिस्सारणाविषयी, बंद पडत चाललेल्या शाळांविषयी किंवा संत्र्याच्या भावाविषयी बोलू लागला की लोक पाण्याची बाटली शोधू लागतात, कोणी शेजाऱ्याला लग्नाची तारीख विचारतो. मग तोच वक्ता विरोधकाच्या घराण्यावरून, चेहऱ्यावरून किंवा जातीवरून एखादा टोमणा मारतो आणि मांडव दणाणून जातो. चार सभांनंतर तो वक्ता मलनिस्सारण सोडून देतो. त्याला हे कोणी शिकवले? उचलली जीभ लावली टाळ्याला, असे आपण त्याच्याविषयी म्हणतो, पण त्या जिभेला खाऊ घालणारे हात मांडवात बसलेले असतात. टाळी न वाजवणे हे फार लहान कृत्य आहे, त्याला धैर्य लागत नाही, पैसा लागत नाही, आणि पुढाऱ्याला ते तत्काळ कळते.

संयमाच्या नावाखाली दुसऱ्याच्या मोहाची थट्टा करण्याची एक खोडही आपल्या मध्यमवर्गात आहे, तिचा उल्लेख केलाच पाहिजे. जून २०२४ मध्ये राज्य सरकारने लाडकी बहीण योजना जाहीर केली, महिन्याला १५०० रुपये सुरू झाले आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. ‘बायका पंधराशेला विकल्या गेल्या’ हे वाक्य तेव्हा चांगल्या घरांच्या दिवाणखान्यांत मी वारंवार ऐकले. बोलणाऱ्यांपैकी अनेकांना महागाई भत्त्याचा वाढीव हप्ता निवडणुकीच्या तोंडावर मिळाला तर तो मात्र हक्क वाटतो. योजनेचा तिजोरीवरचा भार हा वादाचा रास्त विषय आहे आणि तो वाद आकडे घेऊन घालावा. परंतु धुणीभांडी करणाऱ्या बाईने पैसे घेतले म्हणजे तिने विचार करणे सोडले, हे गृहीत धरणाऱ्याने आधी आपल्या जिभेवर ताबा मिळवावा.

सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर कान देऊन उभे राहिले तर या शहराचे राजकीय वेळापत्रक कळते. पहिली वीस मिनिटे दिल्ली, मग पाच मिनिटे मुंबई, आणि प्लेट रिकामी होता होता घराकडचा विषय निघतो. मध्यंतरी अशाच एका गाडीवर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ सांगत होते, ‘रोड इतका उंच करून ठेवला भाऊ, की आता घरच खड्ड्यात गेलं. पाऊस आला का अंगणात पाणी, मोटर लावून उपसा.’ नागपुरात गेल्या काही वर्षांत डांबरी रस्त्यांवर सिमेंटचे थर चढले, रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा वर आले, आणि पावसाचे पाणी जायचे तिकडे न जाता वाड्या-अंगणांत शिरू लागले, ही तक्रार शहराच्या कितीतरी भागांत ऐकू येते. हा पक्का, मोजता येणारा, उत्तर मागता येणारा प्रश्न आहे. रस्ता किती खोदून मग बांधायचा, पावसाळी नाली कुठे जोडायची, हे कामाच्या कागदपत्रांत लिहिलेले असते आणि माहितीच्या अधिकारात मागता येते. त्या गृहस्थांना मी हे सुचवले तेव्हा ते हसले. ‘जाऊ द्या ना भाऊ, सगळेच सारखे. कायले डोकं लावता?’ म्हणाले. दिल्लीविषयी बोलताना त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली होती. स्वतःच्या अंगणातल्या पाण्याविषयी बोलताना आवाजात नुसता थकवा होता. सगळा राग लांबच्या विषयावर संपला होता, जवळच्या विषयासाठी उरलाच नव्हता.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नागपूरचे मतदान पहिल्या टप्प्यात, १९ एप्रिलला झाले आणि निकाल लागला ४ जूनला. मधले ४६ दिवस या शहराकडे करण्यासारखे काही नव्हते. मते यंत्रात बंद होती, शेवटचा टप्पा संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्या दाखवायलाही कायद्याने मनाई होती. असा मोकळा वेळ मिळाला की आपण काय करतो? त्या ४६ दिवसांत पुन्हा दूरवरच्या टप्प्यांच्या सभा पाहिल्या गेल्या, पैजा लागल्या, जागांचे आकडे फळ्यावर मांडले गेले. आठ महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला होता, नाग नदीचे पाणी खालच्या वस्त्यांत घरांच्या छताच्या दिशेने चढले होते आणि माणसे दगावली होती. पुढचा पावसाळा त्याच जून महिन्यात दारात उभा होता. नदीपात्रातला गाळ, भिंती, सांडव्याचे काम यांविषयी शहराने त्या रिकाम्या दिवसांत घसा कोरडा करायला हरकत नव्हती.

काहींनी मात्र केला, आणि त्यांच्याकडे पाहूनच मला हा लेख लिहावासा वाटला. त्या पुराचा फटका बसलेल्या काही रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जनहित याचिका केली आणि तलावाचा सांडवा, त्याच्यासमोरचे बांधकाम, नदीचे अरुंद झालेले पात्र हे विषय तारखेमागून तारखेला न्यायालयापुढे आणत राहिले. घरात कमरेवर चिखल असलेल्या माणसाचा राग किती मोठा असेल याची कल्पना करा. तो राग महापालिकेच्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्याच्या तोंडाला काळे फासून एका दुपारीत संपवता आला असता, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रही आले असते. त्यांनी तो कागदावर उतरवला. प्रतिज्ञापत्रे, नकाशे, पूररेषा, पुढची तारीख. हे काम कंटाळवाणे असते, त्यात घोषणा नसतात, आणि म्हणूनच ते प्रशासनाला नकोसे होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. संयम पोट भरलेल्याला शोभतो, ज्याच्या वस्तीत टँकरच्या रांगेत पहाट उजाडते त्याला ‘रागावर ताबा ठेवा’ सांगणे हा उद्धटपणा आहे, असे कोणी म्हणेल. रागाला नाही म्हणावे असे मी सुचवत नाही. राग कोणावर आणि किती दिवस, एवढाच माझा प्रश्न आहे. याच नागपुरात १९२३ मध्ये झेंडा सत्याग्रह झाला. तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सच्या बाजूला जायला बंदी होती, तेव्हा स्वयंसेवकांच्या लहान लहान तुकड्या रोज झेंडा घेऊन निघत, अटक होत, आणि दुसऱ्या दिवशी नवी तुकडी निघे. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल सूत्रे हाती घ्यायला आले, आणि महिनोन्‌महिने चाललेल्या या मोहिमेनंतर ऑगस्टमध्ये मिरवणूक त्या रस्त्याने गेली. रोज थोडी माणसे, पण रोज. हजारोंचा जमाव एका दिवशी सोडला असता तर गोळीबार झाला असता आणि आठवड्यात सगळे विसरले गेले असते. राग दमाने वापरणे म्हणजे काय, ते त्या तुकड्यांना कळले होते.

मताचा अधिकार मिळाल्यावर सत्याग्रहाचे मार्ग सोडून द्यावेत, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत स्पष्ट सांगितले होते, हे मला ठाऊक आहे, आणि वरच्या उदाहरणातून मी पद्धत नव्हे, दम तेवढा घेतो. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला होता. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. सात वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, याच शहरात दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी त्यांच्याबरोबर प्रतिज्ञा घेतल्या. खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, या प्रतिज्ञा त्यांत होत्या. एका बाजूला सरकारने दोन दिवसांसाठी घातलेली मनाई आणि दुसऱ्या बाजूला माणसाने स्वतःच्या तोंडाने उच्चारलेला निश्चय, असे हे दोन प्रकार आहेत. मनाई संपण्याची माणूस घड्याळाकडे पाहून वाट पाहतो, निश्चयाला मुदत नसते. खात्री नसलेला संदेश पुढे न ढकलणे ही ‘खोटे बोलणार नाही’ या प्रतिज्ञेचीच आजची पायरी आहे, असे मला वाटते. फॉरवर्ड करणारा म्हणतो, ‘मी कुठे म्हटलं, मी फक्त पाठवलं.’ ही पळवाट तेव्हाही कोणी मान्य केली नसती. पक्षशिस्त ही याहून वेगळी गोष्ट. शिस्तबद्ध कार्यकर्ते सगळ्या पक्षांना हवे असतात आणि नागपुरात शिस्तीचे कौतुक जरा जास्तच आहे. वरून आदेश आला म्हणून गप्प बसणारा आणि वरून आदेश आला म्हणून तुटून पडणारा, दोघांच्याही बाबतीत ताबा दुसऱ्याचाच असतो.

आणि कृपा करून घरी बसण्याला कोणी संयम म्हणू नये. २०२४ मध्ये नागपूर लोकसभा मतदारसंघात मतदान ५४ टक्क्यांच्या आसपास राहिले. उन्हाचा कडाका होता हे खरे, पण एप्रिलच्या उन्हात याच शहरातली लग्ने आणि वराती काही रिकाम्या जात नाहीत. ‘मी राजकारणापासून चार हात दूरच बरा’ असे अभिमानाने सांगणाऱ्या सुशिक्षित माणसाला वाटते की तो गोंगाटाच्या वर उठला आहे. वास्तविक गोंगाट करणारा आणि घरी बसणारा, दोघेही निवडणुकीला तमाशा समजतात, एकाला तो आवडतो आणि दुसऱ्याला नाही, एवढाच फरक. उमेदवाराचे शपथपत्र, त्यातली मालमत्ता आणि गुन्हे, सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे आज कोणालाही वाचता येतात. ते वाचायला एक चहा पुरतो. या दोघांपैकी कोणीही ते वाचलेले नसते.

राग पाच वर्षे राखायचा तर तो मांडायलाही जागा लागते, हे मला मान्य आहे, आणि शहरी माणसाची खरी अडचण तिथेच आहे. खेड्यात ग्रामसभा असते, ती चांगली चालो की वाईट, सरपंचाला उभे राहून उत्तर द्यावे लागते. नागपूरच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. या काळात अंगणातले पाणी कोणाला दाखवायचे हा प्रश्न होता. आता नगरसेवक आले आहेत, एका प्रभागात चार-चार, त्यामुळे ‘ते काम माझे नाही, त्यांचे’ असे सांगायला प्रत्येकाला तिघांची सोय आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे मतदान केंद्राच्या आसपासच्या मतदारांची सभा, जिथे कामे सुचवायची आणि झालेल्या कामांचा जाब विचारायचा. कागदावर ती आहे. आपल्या गल्लीत अशी सभा झाल्याचे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

लोकसभा आणि विधानसभा वेळापत्रकाप्रमाणे २०२९ मध्ये आहेत. म्हणजे भोंगे नाहीत, पत्रके नाहीत, कोणी आपल्या दारी हात जोडून येणार नाही, आणि म्हणून हीच वेळ सोयीची आहे. प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकच पत्र द्यावे, त्याची प्रत झोन कार्यालयात देऊन पोच घ्यावी, आणि क्षेत्रसभेची तारीख मागावी. त्या पत्रावर लेआउटमधल्या दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात, निवडणुकीतल्या त्या रात्री समूहावर एकमेकांना नको ते लिहिणाऱ्या दोघांच्याही. रस्त्याची उंची दोघांच्या अंगणाला सारखीच आहे. पहिल्या पत्राला उत्तर येणार नाही. दुसरे पावसाळ्याआधी द्यावे.